पाहणाऱ्याचा धर्म

वार्धक्य हा देहाचा स्वभाव मानावा की विकार मानावा, या प्रश्नाचा निवाडा आपल्या शास्त्रकारांनी एकमुखाने कधीच केला नाही. सुश्रुताने क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि मृत्यू यांच्या पंक्तीत जरेला बसवले आणि या सर्वांना स्वभावबलप्रवृत्त व्याधी असे म्हटले. जी गोष्ट स्वभावतःच येणार तिलाही व्याधीच्या सदरात दाखल करून घेतल्यामुळे तिच्यावर उपचार करण्याची मोकळीक वैद्याला मिळाली, आणि त्या उपचाराची मर्यादाही त्याच सदरात नमूद होऊन राहिली. हा जुना वाद आज पुण्यात, कोथरूड-औंधच्या त्वचाचिकित्सालयांतून आणि त्याहून अधिक घरोघरच्या आरशांपुढे, एका नव्या वस्तूच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला आहे. मुठीत मावणारे आणि टोकाला धातूचे दोन गुळगुळीत गोळे असलेले एक विजेचे यंत्र, चेहऱ्याला जेल लावून, हनुवटीपासून कानाकडे आणि भुवयांपासून केसांकडे, रोज पाच-दहा मिनिटे संथपणे फिरवावयाचे आणि ओघळू पाहणारे गाल, जबड्याची सुटत चाललेली कड व कपाळावरील आठ्या यांना त्या योगे आवर घालावयाचा, असा हा उपचार आहे. तो करणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्या नोकरदार स्त्रिया आहेत, मुलामुलींची लग्नकार्ये तोंडावर आलेल्या गृहिणी आहेत, आणि अलीकडे पुरुषही आहेत. धार्मिक वृत्तीच्या मनुष्याच्या मुखातून या प्रकाराविषयी निघणारा उद्गार ठरलेला असतो: देह नश्वर आहे, मग त्याला एवढे गोंजारण्यात अर्थ काय? हा उद्गार मला अपुरा वाटतो आणि पुष्कळ वेळा अन्यायाचाही वाटतो. तो तसा का वाटतो, हे सविस्तर सांगण्याचा येथे विचार आहे.

यंत्राची हकीकत आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण ज्या वस्तूचे कार्य आपल्याला ठाऊक नाही तिच्यावर नीतीचा हुकूम बजावण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोअँपिअर म्हणतात. घरगुती यंत्रांतील प्रवाह अशा काही शे मायक्रोअँपिअरांचा, म्हणजे एका मिलिअँपिअरच्या आतला असतो, आणि तो इतका मंद असतो की कातडीला त्याची जाणीव बहुधा होतही नाही. याहून जोरकस प्रवाहाची यंत्रे निराळी, ज्यांच्या स्पर्शाने गालाचा स्नायू डोळ्यांदेखत आकुंचन पावतो. चेहऱ्याच्या स्नायूंची घडणच काही वेगळी आहे. हातापायांचे स्नायू हाडांना ओढून सांधे हलवतात, परंतु चेहऱ्याचे बहुतेक स्नायू एका टोकाने थेट त्वचेत गुंतलेले असतात आणि मेंदूपासून निघणाऱ्या सातव्या चेतेच्या आज्ञेने ते त्वचेलाच ओढतात. मनातले मुखावर उमटते ते या रचनेमुळे. मंद प्रवाहाच्या बाजूने जो शास्त्रीय दाखला वारंवार पुढे केला जातो तो १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा आहे. उंदरांच्या कातडीच्या तुकड्यांतून असा प्रवाह सोडला असता पेशींतील ऊर्जाद्रव्य कित्येक पटींनी वाढले आणि प्रथिनांची घडण वेगावली, मात्र प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढवताच हा लाभ घटू लागला, असे त्या प्रयोगात आढळले. प्रयोग प्रामाणिक होता. पण उंदराच्या कातडीच्या तुकड्यापासून माणसाच्या जिवंत, हसऱ्या, उन्हातान्हात वावरलेल्या मुखापर्यंतचा पल्ला फार मोठा आहे, आणि माणसांवर झालेले प्रयोग लहान व अल्प मुदतीचे आहेत. त्वचेतील कोलॅजन व इलॅस्टिन यांचे तंतू झिजतात, गालांतील मेदाचे साठे उतरतात, आणि खुद्द कवटीची हाडेही वयाबरोबर आक्रसतात. या साऱ्या घडामोडींवर गालावरून फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा अंमल चालत नाही. काही काळ त्वचा तुकतुकीत दिसते, कड थोडी सावरलेली भासते, आणि यंत्र कपाटात गेले की तो परिणामही हळूहळू ओसरतो. अमेरिकेत यांपैकी काही यंत्रांना विक्रीची परवानगी आहे, परंतु आधीपासून बाजारात असलेल्या तत्सम यंत्रांशी हे मूलतः समान आहे, एवढ्या पडताळणीवर ती मिळते. गेलेले वय परत येते असा दाखला त्या परवानगीत नसतो. ज्यांच्या हृदयात गतिनियामक बसवलेला आहे, ज्यांना अपस्माराचे झटके येतात आणि ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनी या यंत्रापासून दूर राहावे, ही सूचना मात्र निःसंदिग्ध आहे आणि ती पाळलीच पाहिजे.

सौंदर्योपचारांच्या याच दालनांत एक विसंगती शांतपणे नांदते. बोटुलिनम नावाच्या विषाचा सूक्ष्म अंश टोचून घेण्याचा उपचार तेथेच मिळतो, आणि त्याचे कार्य या यंत्राच्या उद्देशाच्या अगदी उलट आहे: चेतेकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप तो अडवतो, स्नायू तीन-चार महिने निश्चेष्ट राहतो, आणि आठी पाडणारेच उरले नाही म्हणून आठी पडत नाही. एका टेबलावर स्नायूला जागवून तारुण्य देऊ करतात, दुसऱ्या टेबलावर त्याला निजवून. दोन्हींकडे येणारे लोक तेच असतात आणि ते आपल्या मुखाविषयी जे मागत असतात तेही एकच असते. ते नक्की काय मागत असतात, या प्रश्नाकडे मला वळावयाचे आहे.

त्याआधी विजेचा आणि मुखाचा एक जुना संबंध सांगितला पाहिजे. १८६२ साली पॅरिसमध्ये द्युशेन या वैद्याने मुखावरील भावांच्या यंत्रणेविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने माणसांच्या चेहऱ्यांना विजेची टोके लावून एकेक स्नायू निरनिराळा आकुंचित केला होता आणि त्या क्षणांची छायाचित्रे घेतली होती. त्याचा मुख्य सहकारी एक म्हातारा होता: दात पडलेला, कृश, आणि चेहऱ्याची संवेदना मंदावलेली असल्यामुळे विजेचे चटके ज्याला फारसे बोचत नसत असा. सुंदर तरुण मुखे सोडून त्याने हे वृद्ध मुख निवडले, कारण अशा कृश मुखावर स्नायू नेमके सापडतात आणि भावांच्या रेषा स्पष्ट उमटतात. द्युशेन श्रद्धाळू होता. विधात्याने माणसाला मुखावरील भावांची एक सार्वत्रिक भाषा दिली आहे आणि तिचे व्याकरण आपण विजेच्या साहाय्याने वाचीत आहोत, अशी त्याची धारणा होती. पुढे १८७२ साली डार्विनने भावाविष्कारावरील आपल्या ग्रंथात हीच छायाचित्रे घेतली, आणि वीसहून अधिक सुशिक्षित माणसांना ती दाखवून त्यांना त्यांत कोणता भाव दिसतो हे विचारले. द्युशेनचे जे निरीक्षण आज सर्वांत अधिक स्मरले जाते ते हास्याविषयीचे आहे. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू इच्छेच्या ताब्यात असतो, म्हणून तोंडदेखले हसू कोणालाही आणता येते. परंतु डोळ्याभोवतीचा स्नायू, जो आकुंचन पावला की डोळ्यांच्या कडांना बारीक वळ्या पडतात, तो इच्छेला सहसा जुमानत नाही, आणि खऱ्या आनंदानेच हलतो. याचा अर्थ असा की डोळ्यांच्या कडांशी ज्या सुरकुत्या आज यंत्राने पुसून टाकावयाच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतात, त्यांतील कित्येक त्या मनुष्याच्या खऱ्या आनंदांनी पाडलेल्या आहेत. चेहऱ्याला वीज लावणाऱ्या त्या शोधकाला वळ्या हव्या होत्या, आणि आजच्या उपचाराला त्या नको आहेत; वीज तीच आहे. मधल्या दीडशे वर्षांत बदलली ती चेहऱ्याकडे पाहण्याची रीत.

आता धार्मिक आक्षेपाकडे येऊ. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःखदोषांचे सतत अवलोकन हे एक लक्षण आहे, आणि १२९० साली नेवाशाला सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या एका लक्षणाचा जो विस्तार झाला आहे त्याच्या तोडीचे जरेचे वर्णन मराठीत दुसरे झालेले माझ्या वाचनात नाही. ज्ञानी मनुष्य ऐन तारुण्यातच पुढे दृष्टी टाकतो आणि आपल्या देहाचे काय होणार ते एकेका अवयवाशी थांबून पाहतो. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे हे डोळे पिकल्या पडवळासारखे होतील, इतक्या निर्दय तपशिलापर्यंत ते वर्णन जाते. आळंदीला समाधी घेतली तेव्हा, १२९६ साली, ज्ञानेश्वरांचे वय परंपरेने एकवीस वर्षांचे मानले जाते. ज्याने जरेचे एवढे सूक्ष्म चित्र रेखाटले त्याच्या वाट्याला जरा आलीच नाही, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. स्वतःचे वार्धक्य त्याने पाहिले नव्हते. तेव्हा आळंदी, पैठण, नेवासे येथे जी म्हातारी माणसे दृष्टीस पडली त्यांच्याकडेच त्याने असे टक लावून पाहिले असले पाहिजे की पापणीपासून पावलापर्यंत काहीही सुटले नाही. आणि असे पाहून त्याने काय केले? त्यांची निर्भर्त्सना केली नाही. हे जे मी पाहतो आहे ते माझे आहे, उद्या माझ्यावर येणारे आहे, असे म्हणून त्याने ते सर्व ज्ञान्याच्या स्वतःच्या नावावर चढवले.

थेरीगाथेतील अंबपालीचेही तेच. वैशालीची ही गणिका भिक्षुणी झाल्यानंतर आपले केस, भुवया, डोळे, दात, कंठ यांची पूर्वीची शोभा आणि आजची अवस्था शेजारी शेजारी ठेवते आणि बुद्धवचन खरे ठरले असे म्हणते. फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबींनी ज्या वाङ्मयाची ओळख महाराष्ट्राला करून दिली त्यातले हे एक अत्यंत धीट प्रकरण आहे. तिच्या त्या बोलण्याला जे वजन आहे ते ती स्वतःच्या देहाविषयी बोलते म्हणून आहे. हेच शब्द दुसऱ्या कोणी तिला ऐकवले असते तर त्यांत धर्म उरला नसता, केवळ क्रूरता उरली असती. वैराग्य ही स्वतःवर बजावण्याची आज्ञा आहे. तिचे वॉरंट काढून शेजाऱ्याच्या घरी जाण्याची मुभा कोणत्याही संताने कोणाला दिलेली नाही. यंत्र हाती घेतलेल्या स्त्रीला देहाच्या नश्वरतेचा उपदेश करणारे आपण, तेराव्या अध्यायातील ज्ञान तिच्या मुखावर वापरीत असतो आणि आपल्या मुखाला त्यातून सूट देत असतो.

शिवाय हा उपदेश आपल्या परंपरेची एकच बाजू सांगतो. वाग्भटाने आयुर्वेदाची जी आठ अंगे मोजली त्यांत जराचिकित्सा हे एक स्वतंत्र अंग आहे, चरकाच्या चिकित्सास्थानाचा प्रारंभच रसायनाने होतो, आणि हठयोगप्रदीपिकेत तर विपरीतकरणीच्या नित्य अभ्यासाने सहा महिन्यांत सुरकुत्या आणि पांढरे केस दिसेनासे होतात असे आश्वासन दिलेले आहे. हे आश्वासन कितपत खरे हा प्रश्न निराळा, आणि योगाच्या अशा दाव्यांची प्रयोगाने परीक्षा घेण्यासाठीच कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. पतंजलीने कायसंपत्तीची गणना करताना बळाच्या आधी रूप आणि लावण्य यांना जागा दिली. तेव्हा सुरकुती नको असणे ही पश्चिमेकडून आलेली विकृती आहे, असे म्हणणाऱ्याला आपलेच दप्तर उघडून पाहण्याची विनंती करावी लागेल. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माची परीक्षा बाह्य कृतीवर न ठेवता कर्त्याच्या बुद्धीवर ठेवली. ती कसोटी येथे लावली तर अर्धांगाने किंवा चेता दुखावल्याने तोंड वाकडे झालेल्या रुग्णाच्या गालाला फिजिओथेरपीच्या खोलीत लावलेली वीज आणि शयनगृहातील यंत्राची वीज यांच्यात जातीचा भेद राहत नाही. भेद असेल तो लावणाऱ्याच्या मनात, आणि तेथे आनंद आहे की भीती आहे, हे बाहेरून ठरवता येत नाही.

तथापि मनात बहुधा भीती आहे, हे मला नाकारता येत नाही, आणि ती भीती कोठून आली हे शोधण्यासाठी महाभारतातील दोन कथांकडे जावे लागते. या विषयात ययातीचे नाव सर्वांना प्रथम आठवते. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीने, आणि त्यानंतर १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने, ते नाव घराघरांत पोहोचवले; आणि भांडारकर संस्थेच्या ज्या चिकित्सक आवृत्तीत मूळ कथा पाहावयाची तिचा आदिपर्वाचा खंड सुकथनकरांनी १९३३ साली येथेच पुण्यात पुरा केला. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला ययाती आपल्या पुत्रांकडे तारुण्य मागतो, चौघे नकार देतात, धाकटा पूरू ते देतो. ययातीचा अपराध तारुण्य इच्छिण्यात नाही. ते दुसऱ्याच्या देहातून वसूल करण्यात आहे. यंत्र फिरवणारी स्त्री कोणाचेही तारुण्य घेत नाही, म्हणून ययातीचा दाखला तिच्याविरुद्ध चालू नये, असे वरवर पाहता वाटते. परंतु थोडे थांबून पाहिले तर या व्यवहारातही एक पूरू आहे. ज्या कार्यालयात दहांपैकी सात चेहरे उपचाराने गुळगुळीत राखलेले असतील तेथे उरलेल्या तिघींचे वय, एक दिवसही न वाढता, वाढलेले दिसू लागते. ज्यांना हे यंत्र परवडत नाही, किंवा परवडूनही नको आहे, त्यांच्यावर पाहणाऱ्यांच्या दृष्टीने एक नवाच कर बसवलेला असतो आणि तो माफ करण्याचा अधिकार कोणाच्याच हाती नसतो. हा दोष एकटीचा नाही, सर्वांच्या एकत्र वागण्यातून तो उत्पन्न होतो. पण तो भरणारी व्यक्ती खरी असते.

दुसरी कथा च्यवनाची, आणि ती मला ययातीच्या कथेहून फार खोल वाटते. वारुळात तप करणाऱ्या वृद्ध भार्गवाशी राजकन्या सुकन्येचा विवाह होतो. देवांचे वैद्य अश्विनीकुमार तिला भेटतात, अशा जराजर्जर पतीजवळ तू का राहतेस असे विचारतात, आणि ती त्यांना स्पष्ट नकार देते. मग ते एक करार पुढे ठेवतात: आम्ही तुझ्या पतीला तरुण करू, त्यानंतर आम्हा तिघांतून तू एकाला वरावेस. तिघे सरोवरात उतरतात आणि बाहेर येतात तेव्हा तिघेही तरुण, तिघेही दिव्य, आणि रूपाने अगदी एकसारखे असतात. सुकन्या आपल्या पतीला ओळखते. कोणत्या खुणेने ओळखते हे महाभारतकार सांगत नाहीत. मनाने आणि बुद्धीने निश्चय करून तिने आपल्याच पतीला वरले, एवढेच ते म्हणतात. सुरकुत्या गेल्या, पांढरे केस गेले, ज्यावरून जग त्याला च्यवन म्हणून ओळखत होते ते सर्व गेले. तरी जे तिला ओळखता आले ते काय होते? च्यवनप्राशाच्या बरण्यांवर ज्याचे नाव आपण रोज वाचतो त्याच्या कथेतला मुख्य चमत्कार तारुण्यप्राप्तीचा नाही, असे माझे मत आहे. तो सुकन्येच्या दृष्टीचा आहे. म्हातारपणाने झाकलेला पती तिला आधी दिसत होता, आणि तारुण्याने झाकलेला पतीही तिला तितक्याच सहजतेने दिसला. तिने त्याला तरुण होऊ नका असे सांगितले नाही. अश्विनीकुमारांचा करार तिने पतीला सांगितला आणि त्याच्या संमतीने मान्य केला. उपचाराला तिचा विरोध नव्हता, कारण उपचारावर तिची दृष्टी अवलंबूनच नव्हती. वयाने बदललेल्या मुखामागील माणूस न गमावणे हा जर धर्म असेल, तर तो मुख ज्याचे आहे त्याचा धर्म नसून पाहणाऱ्याचा आहे, आणि आपल्या उपदेशकांनी नेमका तोच मोकळा सोडला आहे.

पुण्याने तर या बाबतीत विशेष जपून बोलले पाहिजे. स्त्रीच्या मुखाची मालकी तिच्याकडे नसून पाहणाऱ्यांकडे आहे, ही वहिवाट या शहरात धर्माच्या नावाने अगदी परवापर्यंत चालू होती. पती निवर्तला की ब्राह्मण विधवेचे केस उतरवावयाचे, तिला आलवण नेसवावयाचे, मंगल कार्यात तिचे तोंड कोणाच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करावयाची. तिचे मुख विरूप करून घेण्यात इतरांचे पुण्य जमा होत असे. या प्रथेविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि आम्ही विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरवले. धर्माचे भान ज्यांनी राखले ते शास्त्री नव्हते, वस्तरा हाती धरणारे होते. १८९३ साली पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला; बाया कर्वे या नावाने त्यांनी पुढे लिहिलेल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्या जिण्याची साक्ष आहे. त्या काळी हुकूम होता की तुझे मुख कोणाला आकर्षक वाटता कामा नये. आजचा अलिखित हुकूम आहे की ते आकर्षक वाटत राहिलेच पाहिजे, पन्नाशीत, साठीत, वाढदिवसाच्या छायाचित्रात आणि मोबाइलच्या पडद्यावर. दोन्ही हुकूम एकाच कचेरीतून सुटलेले आहेत. महर्षी कर्व्यांच्या शताब्दीला, १९५८ साली, टपाल खात्याने त्यांची मुद्रा तिकिटावर छापली, आणि शंभर वर्षांच्या त्या मुद्रेवरील सुरकुत्यांत सर्व देशाने तपश्चर्या वाचली. पुरुषाच्या सुरकुतीत आपण अनुभव वाचतो आणि स्त्रीच्या सुरकुतीत हानी, आणि मग त्या हानीची भरपाई करू पाहणाऱ्या स्त्रीला आसक्त म्हणून नावे ठेवतो. हे मला अधर्माचे वाटते, आणि येथे सौम्य शब्द वापरण्याचे कारण मला दिसत नाही.

चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेल्या योगी चांगदेवाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे पत्र पाठवले, ही गोष्ट मराठी मनाला बालपणापासून ठाऊक असते. योगबळाने मृत्यूला पुनःपुन्हा परतवून लावणाऱ्या त्या पुरुषाला या विशीच्या आतबाहेरच्या मुलाने काय लिहावे? त्याने वयाचा उच्चार केला नाही, मृत्यूचे भय घातले नाही. त्याने आरशाचा दृष्टान्त घेतला. मुख आरशात पाहिल्याने उत्पन्न होत नाही आणि आरसा दूर केल्याने नाहीसे होत नाही. आरशामुळे फक्त एवढे होते की एकच असलेले मुख पाहणारा आणि पाहिले जाणारे अशा दोन रूपांनी भासू लागते. अद्वैताचा हा सिद्धान्त परमात्म्याविषयीचा आहे आणि त्याला शयनगृहातील आरशापर्यंत ओढून आणणे कोणाला धाडसाचे वाटेल, याची मला जाणीव आहे. तरीही मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते: जी भीती यंत्र विकत घ्यावयास लावते ती मुखात नसते, मुख तसेच्या तसे असते, ती आरशात असते, आणि आजच्या काळी आरसा म्हणजे काच नसून आपण, म्हणजे कार्यालयातले सहकारी, लग्नातले पाहुणे, घरातली माणसे आहोत. त्या पत्रानंतर चांगदेव आळंदीला आला आणि परंपरा सांगते की त्याने मुक्ताबाईला गुरू केले. सर्वांत वृद्ध शिष्याला सर्वांत लहान गुरू मिळाला, आणि त्या नात्यात दोघांपैकी एकाच्याही वयाचा अडथळा झाल्याची नोंद नाही.

अशा पाहण्याची सवय आपल्या धर्मजीवनात अगदीच नाही असे नाही. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते तेव्हा उन्हाने रापलेल्या, दात नसलेल्या, वळ्यांनी भरलेल्या मुखाच्या म्हाताऱ्या स्त्रीला विशीतला मुलगा माउली म्हणून वाकतो आणि तीही त्याला माउली म्हणूनच वाकते. सहस्रचंद्रदर्शनाचा संस्कार तर केवळ पाहणाऱ्यांसाठीच योजलेला आहे, असे मला वाटते: ऐंशी वर्षे पुरी होऊन काही महिने लोटले की त्या मुखाला दिव्यांनी ओवाळावयाचे, म्हणजे मुद्दाम उजेड आणून ते वृद्ध मुख सर्व कुळाने नीट पाहावयाचे. परंतु हा संस्कारही बहुधा पतीच्या वयाच्या मोजदादीने होत आला. पत्नी शेजारच्या पाटावर बसली, आणि तिच्या पौर्णिमा कोणी मोजल्या नाहीत. अलीकडे काही घरांतून आजीच्या स्वतःच्या वयाचे सहस्रचंद्रदर्शन होऊ लागले आहे. ते सर्वत्र व्हावे, आणि त्यासाठी ऐंशीची वाट न पाहता स्त्रीच्या साठीची आणि पंचाहत्तरीची शांतही तिच्याच नावाने, तिच्याच संकल्पाने व्हावी, अशी माझी सूचना आहे. पुण्यात त्याला अडचण पडू नये. ज्ञानप्रबोधिनीने पौरोहित्य शिकवून तयार केलेल्या स्त्रिया येथे अनेक वर्षे संस्कार करीत आहेत, आणि त्यांतील एखादीला बोलावून, आईने त्या सकाळी चेहऱ्यावरून यंत्र फिरवले आहे की नाही याची चौकशी न करता, हे कार्य कोणत्याही मुलाला वा मुलीला येत्या वर्षीच करता येईल.